गाठीला नाव देणारा माणूस : डॉ. वसंत रामजी खानोलकर



आपल्या मंडळाच्या थोरांच्या ओळखीत संत, गायक, नाटककार, क्रांतिकारक असे बरेच येऊन गेले. या वेळी आम्ही एका डॉक्टरांची ओळख करून देणार आहोत. या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेने नाव कमावले नाही की नाडीपरीक्षेने. रुग्णाच्या शरीरातून काढलेला मांसाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा आणि तो काय आहे ते सांगायचे, हे त्यांचे काम. ते काम त्यांनी इतके मनापासून केले की भारतातील विकृतिशास्त्राचे, म्हणजे पॅथॉलॉजीचे, जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. डॉ. वसंत रामजी खानोलकर हे त्यांचे नाव.

आम्ही बी.कॉम. झालेले, सारी हयात बँकेत गेलेली. वैद्यकाशी आमचा संबंध मेडिकल बिले पास करण्यापुरता. मग या माणसाकडे आम्ही कसे वळलो, ते आधी सांगायला हवे.

आमचे थोरले मेहुणे येथे बेल्लमपल्लीतच कोळशाच्या खाणीत नोकरीला होते. काही वर्षांपूर्वी त्यांच्या मांडीत एक गाठ आली. दुखत नव्हती, त्यामुळे त्यांनी बरेच दिवस कोणाला सांगितलेही नाही. पुढे पँट घट्ट होऊ लागली तेव्हा एका लहान दवाखान्यात दाखवली. साधी चरबीची गाठ आहे, काढून टाकू, असे ठरले. अर्ध्या तासात गाठ निघाली, टाके पडले, दुसऱ्या दिवशी मेहुणे घरी. काढलेल्या गाठीचे काय झाले, हे आमच्यापैकी कोणीच विचारले नाही. ती तपासायला गेलीच नव्हती, कचऱ्यात गेली होती.

वर्षभराने त्याच जागी पुन्हा गाठ आली, आणि या वेळी ती भराभर वाढली. आम्ही त्यांना बल्लारशामार्गे मोठ्या शहरात घेऊन गेलो. तिथल्या तज्ज्ञांनी पहिला प्रश्न केला तो जुन्या गाठीच्या रिपोर्टचा. रिपोर्ट नसेल तर ब्लॉक आहे का, स्लाइड आहे का, हा दुसरा प्रश्न. आमच्याकडे यांतले काहीच नव्हते. आम्ही बँकेतली माणसे. व्हाउचर फाडून टाकून खाते बंद करणारा कारकून आम्ही एक दिवस नोकरीवर ठेवला नसता, आणि घरच्या माणसाच्या बाबतीत आम्ही स्वतः नेमके तेच केले होते.

नव्या गाठीची बायोप्सी झाली, तिला योग्य नाव मिळाले. ती चरबीच्या पेशींतून आलेली कर्करोगाची गाठ होती. मोठी शस्त्रक्रिया झाली, मांडीतला बराचसा स्नायू गेला, किरणोपचार झाले. मेहुणे आज आपल्यात आहेत, काठी घेऊन चालतात, गणपतीत आरतीला येतात. पण पहिल्याच वेळी त्या गाठीचे नाव कळले असते तर ती काठी लागली असती का, हा प्रश्न आमच्या घरात अजून उत्तराविना आहे.

त्या धावपळीत, प्रतीक्षागृहातल्या बाकांवर बसून, गाठीला नाव देण्याची ही विद्या आपल्या देशात कोणी रुजवली याचे कुतूहल आम्हाला वाटले. शोध घेता घेता आम्ही खानोलकरांपाशी येऊन पोचलो.

घराणे आणि शिक्षण

वसंत रामजी खानोलकर यांचा जन्म 13 एप्रिल 1895 रोजी गोमंतक मराठा समाजातील एका कुटुंबात झाला. वेंगुर्ले तालुक्यात खानोली नावाचे गाव आहे, खानोलकर हे आडनाव त्याच मातीतले. तरुण वसंतराव वैद्यकाच्या शिक्षणासाठी लंडन विद्यापीठात गेले आणि 1923 मध्ये त्यांनी पॅथॉलॉजी या विषयात एम.डी. ही पदवी मिळवली.

हा विषय त्यांनी निवडला याचे आजही नवल वाटावे. विलायतेहून शिकून आलेल्या डॉक्टरला मुंबईत पैसा आणि प्रतिष्ठा दोन्ही होती, पण ती फिजिशियनला किंवा सर्जनला. पॅथॉलॉजिस्टकडे रुग्ण येत नाही, येतो तो त्याचा तुकडा. रुग्ण बरा झाला तर तो सर्जनच्या पाया पडतो, रिपोर्टखाली सही कोणाची होती हे त्याला ठाऊकही नसते.

भारतात परतल्यावर खानोलकरांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि सेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात पॅथॉलॉजीचे प्राध्यापक म्हणून काम केले. परळचे हे दुसरे कॉलेज आणि त्याला जोडलेले के.ई.एम. रुग्णालय 1926 मध्ये सुरू झाले, आणि त्यामागे एक स्वाभिमानाची गोष्ट आहे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत वरच्या जागा गोऱ्या अधिकाऱ्यांकडे असत. गोरधनदास यांच्या देणगीला अट अशी होती की या कॉलेजात शिकवणारे सारे भारतीयच असावेत. भारतीय माणूस हे शास्त्र शिकवू शकतो हे सिद्ध करण्याची जबाबदारी ज्या पिढीवर आली, त्या पिढीतले खानोलकर होते.

पॅथॉलॉजिस्ट नेमके करतो काय?

पुढे जाण्यापूर्वी हे काम समजून घेऊ. आम्हालाही ते मेहुण्यांच्या आजारातच कळले.

शरीरातून काढलेला तुकडा लगेच फॉर्मालिनमध्ये बुडवावा लागतो, नाहीतर तो कुजू लागतो. मग त्यातले पाणी काढून तो पॅराफिन मेणात बसवतात. हा झाला ब्लॉक, काडेपेटीपेक्षा लहान. मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर त्या ब्लॉकचे अतिशय पातळ काप घेतात. एका कापाची जाडी मिलिमीटरच्या साधारण दोनशेव्या भागाइतकी. तो काप काचेवर पसरून दोन रंगांनी रंगवतात. पेशीचे केंद्रक निळे-जांभळे दिसते आणि बाकीचा भाग गुलाबी. मग पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाला डोळा लावतो.

पेशी कोणत्या जातीच्या आहेत, त्या आपल्या मूळ पेशींसारख्या दिसतात की ओळखू न येण्याइतक्या बिघडल्या आहेत, किती पेशी दुभंगण्याच्या अवस्थेत आहेत, गाठीचा किती भाग आतल्या आत मेला आहे, आणि काढलेल्या तुकड्याच्या कडेपर्यंत रोग पोचला आहे का, हे तो पाहतो. एवढ्यावरून निदान ठरते, आणि निदानावरून सारे उपचार.

मांस, चरबी, रक्तवाहिन्या, नसांची आवरणे, स्नायुबंध या शरीराच्या मऊ भागांतल्या गाठी तर पॅथॉलॉजिस्टची परीक्षाच पाहतात. अशा गाठींपैकी बहुतेक साऱ्या निरुपद्रवी असतात. शंभर साध्या गाठींमागे एखादीच वाईट निघते. प्रौढांना होणाऱ्या एकूण कर्करोगांत यांचा वाटा सुमारे एक टक्का. पण या एका टक्क्यातही पन्नासाहून अधिक प्रकार आहेत, आणि कित्येक प्रकार दिसायला सारखे. चरबीची साधी गाठ म्हणजे लायपोमा आणि चरबीचाच कर्करोग म्हणजे लायपोसार्कोमा, या दोघांचे काही नमुने तर अनुभवी डोळ्यालाही फसवतात. बोटांनी चाचपून गाठ सांगणे म्हणजे नोट हातात न घेता दुरून खरी-खोटी सांगण्यासारखे आहे.

हे सारे भारतात व्हायचे तर तीन गोष्टी हव्या होत्या. प्रत्येक तुकडा प्रयोगशाळेत यायला हवा, तो वाचणारे शिकलेले डोळे हवेत आणि वाचलेले नीट नोंदवून जपणारी व्यवस्था हवी. खानोलकरांच्या आयुष्याचा हिशेब आम्ही मांडतो तेव्हा या तीन खात्यांतच तो मांडतो.

परळचे नवे रुग्णालय

सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहरबाई 1931 मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या ट्रस्टने परळला कर्करोगासाठी स्वतंत्र रुग्णालय उभारले आणि 28 फेब्रुवारी 1941 रोजी टाटा मेमोरियल हॉस्पिटलचे उद्घाटन झाले. सुरुवातीला खाटा होत्या 80. प्रयोगशाळा आणि संशोधन यांचे संचालक म्हणून तिथे आले डॉ. खानोलकर. तेव्हा त्यांनी वयाची 45 वर्षे पूर्ण केली होती.

त्या काळी पुष्कळांची समजूत अशी होती की कर्करोग हा पाश्चात्त्यांचा, सुखवस्तू देशांचा रोग आहे, भारतात तो फारसा नाही. ही समजूत खोटी ठरवायची तर वादविवाद करून भागणार नव्हते. एकेका रुग्णाचे निदान सूक्ष्मदर्शकाखाली पक्के करून, त्याची नोंद ठेवून, मग मोजावे लागणार होते. नवे रुग्णालय हे त्यासाठी योग्य ठिकाण होते. देशाच्या कानाकोपऱ्यांतून रुग्ण तिथे येऊ लागले, आणि प्रत्येकाबरोबर त्याच्या मुलखाच्या चालीरीती, खाणेपिणे, व्यसने येऊ लागली.

खानोलकरांचे वेगळेपण इथे दिसते. स्लाइड वाचून, रोगाचे नाव लिहून ते मोकळे झाले नाहीत. हा माणूस कुठला, काय नेसतो, काय चघळतो, विडी कशी ओढतो, हेही त्यांनी विचारले. काचेवरचा तुकडा आणि माणसाचे रोजचे जगणे यांची त्यांनी जोड लावली.

धोतर, खैनी आणि आपला चुट्टा

1945 मध्ये खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी अमेरिकेतील एका नामांकित पॅथॉलॉजी नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला. भारतातील चालीरीतींमुळे होणारे कर्करोगाचे तीन नवे प्रकार त्यात वर्णिले होते.

पहिला धोतराचा. कमरेला एकाच जागी वर्षानुवर्षे धोतर घट्ट आवळून नेसल्याने तिथली कातडी घासते, रंग बदलतो, व्रण होतो, आणि काहींना पुढे त्या जागी त्वचेचा कर्करोग होतो. पुढच्या काळात डॉक्टरांनी साडी किंवा परकराच्या नाडीमुळेही असेच होत असल्याचे नोंदवले. आपल्या घरातल्या आई-आजींच्या कमरेवरचा काळा पट्टा आपण सर्वांनी पाहिला आहे. तो दरवेळी रोगाचा असतो असे मुळीच नाही, पण तिथे न भरणारी जखम झाली तर ती दाखवायला हवी, हे या निबंधामुळे कळले.

दुसरा खैनीचा. तंबाखू आणि चुना मळून खालच्या ओठाच्या आत धरून ठेवणाऱ्यांना नेमका तिथेच, ओठाच्या खोबणीत कर्करोग होत होता.

तिसरा चुट्ट्याचा. बेल्लमपल्लीकरांना चुट्टा म्हणजे काय हे सांगायला नको. तंबाखूच्या पानाची ती जाड गुंडाळी आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या हातात आपण पाहत आलो. आंध्रच्या किनाऱ्यावर, विशाखापट्टणमच्या बाजूला, विशेषतः बायका चुट्ट्याचे पेटते टोक तोंडात ठेवून ओढतात. त्या आचेने आणि धुराने टाळू भाजत राहतो. इतरत्र क्वचित आढळणारा टाळूचा कर्करोग त्या भागात वारंवार का दिसतो, याचे उत्तर या सवयीत होते.

मुंबईत बसलेल्या एका मराठी डॉक्टरने तेलुगू मुलखातल्या बायकांच्या चुट्ट्याची दखल घ्यावी आणि ती जगापुढे मांडावी, हे वाचून आम्हाला विशेष जवळीक वाटली. आपण दोन्ही भाषांच्या सीमेवर राहणारी माणसे. हा निबंध जणू आपल्याच गल्लीबद्दल आहे.

खाणीतल्या लोकांनी तर तो जरूर ध्यानात घ्यावा. खाणीत खाली वायूचा धोका, म्हणून विडी-काडी न्यायला बंदी. मग पाळीभर तोंडात तंबाखू धरायची सवय लागते. वर आल्यावर विडी, आणि चंद्रपूर-गडचिरोलीकडून आलेला खर्रा आहेच. आमचे मेहुणे स्वतः याच वाटेने गेले होते. त्यांच्या मांडीच्या गाठीचा तंबाखूशी संबंध नव्हता, हे डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितले. तरी त्या वॉर्डात आजूबाजूला गाल आणि जीभ गमावलेली माणसे पाहून त्यांनी तंबाखू सोडली ती सोडलीच.

तंबाखूवरचे काम खानोलकरांनी तिथेच थांबवले नाही. डॉ. एल. डी. संघवी आणि राव या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी तंबाखू ओढणे, चघळणे आणि तोंड-घशाचे कर्करोग यांच्या संबंधावरचा अभ्यास 1955 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केला. इंग्लंड-अमेरिकेत तेव्हा सिगारेट आणि फुप्फुसांचा कर्करोग यांवर वाद चालू होता. तंबाखू चघळण्याची किंमत काय, हे आकड्यांत मांडणाऱ्या सुरुवातीच्या अभ्यासांत या कामाची गणना होते.

संघवींबरोबरच त्यांनी मुंबईतल्या सहा वेगवेगळ्या ज्ञातींच्या रक्तगटांचा आणि इतर आनुवंशिक लक्षणांचाही अभ्यास केला. एकाच शहरात, एकाच हवेत राहणाऱ्या ज्ञातींत कर्करोगाचे प्रकार वेगळे का आढळतात, पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग अधिक आणि हिंदू स्त्रियांत गर्भाशयाच्या मुखाचा अधिक असे का, हा प्रश्न त्या काळी संशोधकांपुढे होता. त्याचे उत्तर रक्तात आहे की राहणीत, हे तपासण्याचा मार्ग यातून खुला झाला.

संशोधन केंद्र आणि शिष्य

1952 मध्ये परळलाच भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले आणि त्याचे पहिले संचालक खानोलकर झाले. आता त्यांना नुसते निदान करणारे लोक नको होते, पेशी बिघडते कशी याचा माग काढणारे हवे होते.

या शिष्यवर्गात सर्वांत ठळक नाव डॉ. कमल रणदिवे यांचे. पुण्यात जन्मलेल्या, माहेरच्या समर्थ. त्यांनी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. केली. विषय होता उंदरांमधील स्तनाच्या कर्करोगाचा. पुढे त्या अमेरिकेत जाऊन प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याचे तंत्र शिकल्या आणि परत येऊन त्यांनी या केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. ती भारतातील पहिली मानतात. त्या काळी बाईने संशोधनात येणेच दुर्मिळ. कमलताईंनी पुढे 1973 मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या स्थापनेत पुढाकार घेतला आणि 1982 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. वर उल्लेख केलेल्या सूर्याबाई आणि या कमलताई यांना गुरूंनी निबंधात आपल्या बरोबरीने नाव दिले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

खानोलकरांचे दुसरे मोठे काम कुष्ठरोगावरचे. कातडीवर नुकताच डाग उमटला आहे, अशा सुरुवातीच्या अवस्थेतल्या तुकड्यांचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. कुष्ठरोगाचे जंतू नसांमध्ये कसे शिरतात आणि तिथे कसे राहतात, याची समज वाढवणारे हे काम 1951 मध्ये प्रसिद्ध झाले. 1958 मध्ये बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरुग्णाच्या शरीरातून मिळालेला एक जंतू प्रयोगशाळेत वाढवल्याचे प्रसिद्ध केले. संशोधन केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला आयसीआरसी जंतू असे नाव पडले आणि पुढे त्यापासून लस करण्याचेही प्रयत्न झाले.

मान आणि जबाबदाऱ्या

देशातले पॅथॉलॉजिस्ट विखुरलेले होते. त्यांची भारतीय संघटना स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष खानोलकर झाले. अणुऊर्जा खात्याच्या जीवशास्त्र आणि वैद्यक सल्लागार समितीचे ते अध्यक्ष होते. अणुकिरणांचा माणसावर काय परिणाम होतो, हे पाहण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या वैज्ञानिक समितीत त्यांनी भारतातर्फे काम केले. 1960 नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक हा मान त्यांच्याकडे दहा वर्षे होता, आणि पद्म पुरस्कार सुरू झाल्यावर पहिल्या काही वर्षांतच त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांच्या नावावर शंभरावर शोधनिबंध आणि कर्करोग व कुष्ठरोगावरची तीन पुस्तके आहेत.

1962 मध्ये टाटा रुग्णालय अणुऊर्जा खात्याकडे आले आणि 1966 मध्ये रुग्णालय व संशोधन संस्था एकत्र होऊन टाटा मेमोरियल सेंटर झाले. उपचार आणि संशोधन एका छपराखाली असावेत, या दिशेनेच खानोलकरांनी 1941 पासून काम केले होते.

29 ऑक्टोबर 1978 रोजी, वयाच्या 83व्या वर्षी डॉ. खानोलकरांचे निधन झाले. नवी मुंबईत खारघरला टाटा सेंटरचे जे संशोधन संकुल आहे, तिथल्या एका इमारतीला खानोलकर शोधिका असे नाव दिले आहे.

नावे बदलतात, तुकडा राहतो

मांडीच्या गाठीवरून सुरू झालेला हा लेख तोंडाच्या कर्करोगावर आणि कुष्ठरोगावर गेला, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. मऊ भागांतल्या गाठी हा खानोलकरांचा मुख्य विषय नव्हता. पण अशा गाठींचे निदान ज्या घरात बसून होते, ते घर बांधणाऱ्यांत ते पहिले होते, म्हणून आम्हाला त्यांची आठवण काढावीशी वाटली.

या गाठींच्या वर्गीकरणाचा इतिहासही मोठा बोधप्रद आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मऊ भागांतल्या गाठींची पहिली अधिकृत यादी 1969 मध्ये प्रसिद्ध केली. हेतू हा की मुंबईत, लंडनमध्ये आणि टोकियोत एकाच गाठीला एकच नाव मिळावे. तोपर्यंत एका दवाखान्यातले नाव दुसऱ्या दवाखान्यात चालेलच असे नव्हते. नंतर ही यादी अनेकदा बदलली, पाचवी आवृत्ती 2020 मध्ये आली. आरंभी गाठ कोणत्या ऊतीसारखी दिसते यावर नाव ठरत असे. आता विशिष्ट प्रथिने शोधणारे रंग वापरतात आणि पेशीच्या गुणसूत्रांतला बदलही तपासतात.

या नव्या तपासण्यांनी जुन्यांच्या चुकाही दाखवल्या. सायनोव्हियल सार्कोमा हे नाव सांध्याच्या आतल्या आवरणावरून पडले, पण ती गाठ त्या आवरणातून येत नाही असे नंतर दिसून आले. नाव मात्र तेच राहिले. घातक तंतुमय हिस्टिओसायटोमा हे लांबलचक नाव एकेकाळी सर्रास दिले जाई. पुढे कळले की या एका नावाखाली कितीतरी निरनिराळ्या गाठी कोंबल्या गेल्या होत्या, आणि ते नावच यादीतून गेले. मेणाच्या ब्लॉकमध्ये जपलेले जुने तुकडे पुन्हा काढून, नव्या पद्धतीने पाहता आले, म्हणूनच हे समजू शकले. तुकडा फेकला असता तर चूक दुरुस्त करायलाही काही उरले नसते.

आपल्यासाठी चार गोष्टी

आम्ही डॉक्टर नाही, सल्ला देण्याचा आमचा अधिकार नाही. पण मेहुण्यांच्या आजारात जे शिकलो ते सभासदांना सांगणे आम्ही कर्तव्य समजतो.

एक, पाच सेंटिमीटरहून मोठी, म्हणजे साधारण लिंबाहून मोठी, खोल असलेली, किंवा वाढत चाललेली गाठ दुखत नसली तरी दाखवावी. न दुखणे ही चांगली खूण आहे असे आम्ही समजलो होतो, तसे नसते.

दोन, अशी गाठ असेल तर थेट कापून काढण्याआधी स्कॅन आणि सुईने बायोप्सी करायची का, हे डॉक्टरांना नम्रपणे विचारावे. आधी नाव कळले तर शस्त्रक्रिया किती मोठी करायची हे सर्जनला ठरवता येते.

तीन, शरीरातून काढलेली कोणतीही गाठ, कितीही साधी वाटली तरी, फॉर्मालिनमध्ये घालून पॅथॉलॉजीला पाठवायला सांगावे. खर्च फार नसतो. रिपोर्ट घरी फाइलला लावावा. ब्लॉक आणि स्लाइड प्रयोगशाळेकडे असतात, दुसऱ्या तज्ज्ञाचे मत हवे असेल तेव्हा त्या मागून नेता येतात. बँकेत मोठ्या रकमेच्या चेकवर दोन सह्या लागतात, त्याचा राग कोणी मानत नाही. गाठीच्या बाबतीतही दुसरी सही मागण्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही.

चार, तंबाखू, खैनी, खर्रा, चुट्टा. 1945 साली छापून आलेली गोष्ट आम्ही पुन्हा सांगत आहोत, यातच सारे आले.

मंडळाच्या कार्यालयात आम्ही एक साधी फाइल ठेवायचे ठरवले आहे. परगावी उपचारासाठी जाणाऱ्या सभासदांनी कोणती कागदपत्रे बरोबर न्यावीत याची यादी तिच्यात असेल. यादीत पहिल्या क्रमांकावर पॅथॉलॉजी रिपोर्ट, ब्लॉक आणि स्लाइड असे लिहिले आहे. ते अक्षर आमच्या मेहुण्यांचे आहे. यादी आपणच लिहिणार असा त्यांचा आग्रह होता.